दारावरच्या दोन थापा

बारक्या,

आपलं रॉक गाणं अकराव्या नंबरावरून थेट तिसऱ्यावर चढलं, म्हणून रेडिओवाल्यांनी तुला बोलावलं. ठीक आहे. पण "'आवाज कमी कर' ही ओळ कुठून सुचली?" असं विचारल्यावर तू म्हणालास, एक मैत्रीण म्हणायची! अरे, कोणती मैत्रीण? मी पुस्तकात बघून गिटार शिकायचो, तू घसा फाडायचास, आणि दारावर थापा मारून तसं ओरडायचे ते आपले बाबा. गाण्यात मी थापा दोनच ठेवल्या, कारण बाबा दोनच मारायचे.

हल्ली त्यांना कमी ऐकू येतं. दर रविवारी गाण्यांचे नंबर सांगायला लागले की रेडिओला कान लावून म्हणतात, "वाढव रे." तुझं उत्तरही त्यांनी तसंच ऐकलं. हसून म्हणाले, "असेल बुवा. मला उगाच वाटायचं, मीच म्हणायचो." तेव्हा तू समोर हवा होतास, थोबाड रंगवलं असतं. हे पत्र धाडणार नाही. तेही मैत्रिणीचं आलं म्हणून सांगशील.

काल गाणं सातव्यावर घसरलं. मला त्याचं सोयरसुतक नाही. पण ते लागताच बाबा म्हणाले, "आवाज कमी कर."

तूर्तास तुझा कोणी नसलेला,
दादा