अर्बाबची रायफल, माझं माप

शुक्र. १ जाने. २०१६, अल हैल

काय झालं ते क्रमाने लिहून ठेवते. नंतर डोक्यात गोष्टी आपोआप बदलतात.

१. सोहारच्या एका कॅलिब्रेशन लॅबने मला नोकरी देऊ केली. मार्चअखेरपर्यंत जागा राखून ठेवतो म्हणाले.
२. त्यासाठी आत्ताच्या मालकाची एनओसी लागते. ती नसेल तर हा आखाती देश सोडायचा आणि दोन वर्षं परत यायचं नाही.
३. मालक म्हणजे अर्बाब (पुढे अ.). सर्व्हेची उपकरणं विकतो, दुरुस्ती मी करते. एनओसी मागितली. म्हणाला, इन्शाल्ला.
४. परवा केबिनमध्ये बोलावलं. पुढ्यात माझा सीव्ही. युनिव्हर्सिटीकडून ५० मीटर प्रोन, म्हणजे आडवं पडून रायफल, खरं का? खरं.
५. त्याला लांब पल्ल्याची टार्गेट रायफल घ्यायची आहे. आयुष्यातली पहिली. परवाना आला आहे. रायफल आणि स्कोप मी निवडायचा, जुळवून मी द्यायचं.
६. मग एनओसी.
७. माझा पासपोर्ट अ.च्या ऑफिसातल्या तिजोरीत. सगळ्यांचेच असतात.

आठवा मुद्दा नाही.


मंगळ. ५ जाने.

अ.ला सगळंच मोठं हवं. काडतूस मोठं, नळी लांब, स्कोप दुर्बिणीएवढा. फोनवर चित्रं दाखवत होता.

"ये देखो इंजिनियर. हाथी मारता है."

म्हटलं, आपल्याला कागदाला भोक पाडायचं आहे.

"तुम कभी हँसता नहीं?"

.३०८ सुचवली. जड नळी, मागचा स्टॉक लांबीला आणि उंचीला कमी-जास्त होणारा. मोठ्या काडतुसाचा धक्का इतका की नवा माणूस ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतो. एकदा ती सवय लागली की सुटत नाही. शिवाय .३०८ची काडतुसं इथल्या डीलरकडे नेहमी असतात.

हे सगळं मी वाचून आणि विचारून सांगते आहे. मी स्वतः .२२च मारली आहे. स्कोपही नाही, बारीक भोकातून बघायचं. अ.ने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.


रवि. १० जाने.

स्कोपवरून वाद. अ. म्हणे जितकं मोठं दिसेल तितकं चांगलं. भर दुपारी त्याला अल् खुवैरच्या ऑफिसच्या गच्चीवर नेलं. थिओडोलाइट (सर्व्हेची कोन मोजायची दुर्बीण) लावला, समोरच्या डोंगरावरच्या खडकावर धरला. खडक उकळत होता.

"पानी है?"

हवा आहे. तापलेली. जितकं मोठं कराल तितकी ही उकळीही मोठी. दहा-बारा पटीवर बघायचं, त्यापुढचे आकडे जाहिरातीसाठी असतात.

बराच वेळ डोळा लावून उभा होता. मग खिशातून रुमाल काढून थिओडोलाइटची काच पुसली. काच स्वच्छ होती.

ठरलं: मध्यम ताकदीचा स्कोप. आतल्या रेषा आणि बाहेरची चकती एकाच मापात, मिल या कोनाच्या एककात. एक क्लिक म्हणजे शंभर मीटरवर एक सेंटिमीटर. नवशिक्याचं गणित डोक्यात राहतं.


रवि. २४ जाने.

ऑर्डर गेली. घरी सोडायला सावंतकाका. कंपनीचे ड्रायव्हर, मूळ कुडाळचे. मला लायसन्स नाही. ड्रमांच्या मधून रिव्हर्स घ्यायच्या परीक्षेत दोनदा ड्रम पाडला आहे. दुसऱ्यांच्या यंत्रातली केसभर चूक मला दिसते आणि मागचा ड्रम दिसत नाही, यावर काका मनापासून हसतात.

आज हसले नाहीत.

"गे बाय, जरा काम बिघडव. इतक्यां बरां करशीत तर तुका सोडतलो कोण?"

म्हटलं, काम बिघडवता येत नाही मला.

"माझां पण तसांच झाला. अर्बाबाच्या सहमच्या बागेतलो पंप मी एकदा दुरुस्त केलंय. तेच्यापासून दर वर्साक म्हणता, सावंत, पुढच्या वर्साक गावाक जा."


बुध. १० फेब्रु.

रायफल आली. वर्कशॉपमध्ये अ. स्वतः घेऊन आला. खुर्ची टाकून बसला, काहवा (बिनदुधाची कॉफी) मागवला. मग मीटिंगला गेला. जाताना बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) काढून आपल्या पायघोळ दिशदाशाच्या खिशात टाकला. बरोबर आहे, परवाना त्याचा. बोल्टशिवाय रायफल म्हणजे नुसती नळी.

स्कोपसाठी रेल बसवली, रिंगा बसवल्या. स्क्रू स्पिरिटने पुसून, टॉर्क रेंचने. भिंतीशी ओळंबा टांगून स्कोपची उभी रेघ दोरीला जुळवली. मग स्कोप कॉलिमेटरसमोर धरला. लेव्हल तपासायचं आमचं यंत्र, पण त्याला काय समोर आहे याच्याशी देणंघेणं नाही. चकती दहा मिल फिरवली, रेघ दहा मिल सरकली. परत फिरवली, शून्यावर आली. पुन्हा. पुन्हा शून्य.

इतकं सरळ इथे कोणी वागत नाही.

शेवटी स्टॉक. सतरंजी टाकून आडवी झाले. डोळे मिटायचे, गाल टेकवायचा, डोळे उघडायचे. चित्र पूर्ण दिसलं पाहिजे, कडेला काळी सावली नको. बटप्लेट, खांद्याला टेकणारी पट्टी, पूर्ण आत घेतली. चीकपीस, गाल टेकवायचा भाग, वर. स्कोप थोडा मागे. पुन्हा डोळे मिटले. उघडले. पूर्ण गोल.

प्रत्येक जागी पेन्सिलीने बारीक खूण केली.

क्लबातल्या रायफली सगळ्यांच्या असायच्या. आपली पाळी आली की आपल्या खुणेवर आणायची, झालं की पुढचीला द्यायची. ती लगेच आपलं माप लावायला घ्यायची. इथे पुढचं कोणी नव्हतं.


शुक्र. १९ फेब्रु.

रेंज. चर्चमधली सकाळची मिस्सा चुकली.

रेंजचा वॉर्डन निवृत्त फौजी, कमी बोलणारा. नियम: परवाना ज्याचा, तो हजर हवा. अ. हजर होता, गाडीत, फोनवर.

माझ्या पहिल्या गोळीला धक्का वाटला होता त्यापेक्षा कमी. खांद्यात बसला आणि तिथेच राहिला. तीन गोळ्या डावीकडे खाली. क्लिक मोजून मधोमध आणली. मग पाच. वॉर्डनने कागद आणला, खिशातून पन्नास बैसांचं नाणं काढून भोकांवर ठेवलं. एकही दिसेना. "झेन," म्हणजे छान, एवढंच म्हणाला. नाणं परत खिशात.

अ. धावत आला, थेट आडवा झाला. म्हटलं, थांबा, आधी तुमचं माप घेते.

"बंदूक है, दिशदाशा नहीं. यल्ला!"

अ.ची मान लांब. स्टॉक माझ्या मापाचा आखूड, स्कोप मागे घेतलेला. पहिल्याच गोळीला स्कोपची कड भुवईत घुसली. अर्धचंद्र. रक्त नाकावरून दाढीत. मी माझी ओढणी दाबून धरली. वॉर्डन माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं.

त्याचं माप आधी घ्यायला हवं होतं. ‘विसरले’ असं लिहिणार होते. विसरले नव्हते.


रवि. २१ फेब्रु.

वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर बरं.

भुवईवर पट्टी. सगळ्या स्टाफसमोर: "ये बिन्त, ये लड़की, मेरी शूटर है. देखो, मेरे पे भी निशान लगाया." सगळे हसले. मग केबिनमध्ये.

"तुम सच बोला था. बंदूक भी दिशदाशा है. लेकिन ये तुम्हारे माप का सिला है." काहवा माझ्याकडे सरकवला. "तो तुम पहनो. हर जुम्मा हम रेंज जाएगा. मैं देखेगा, तुम मारेगा. अगली सर्दी में मुक़ाबला है."

एनओसी?

"सोहार में क्या है? वो तुमको बंदूक देगा?"

देणार नाहीत. हे त्याला माहीत आहे आणि मलाही.


गुरु. २५ फेब्रु.

वसईहून मम्मीचा फोन.

"इतका चांगला अर्बाब मिळालाय, बाय. लोकांचे पगारसुद्धा देत नाहीत, हा तुला बंदूक देतो."

ती त्याचीच आहे.

"सोहारला मिस्सा असते का?"

असते.

"मग काय तिथे वेगळं?"

इथे अडीच वर्षं नुसत्या लेव्हल साफ केल्या, तिथे तसं नाही. तिथे मी प्रमाण ठरवणार, बाकीची यंत्रं त्यावर तपासणार. हे फोनवर सांगता आलं नाही. म्हटलं, पगार बरा आहे.


शुक्र. २६ फेब्रु.

पुन्हा रेंज. तीनशे मीटर. वारा उजवीकडून. अ. मागे खुर्चीवर, खजूर खात. दर गोळीला "माशाल्ला".

आज मला फार आवडलं. लिहून ठेवते, कारण निर्णय घेताना हेही धरायला हवं.

संपल्यावर अ.ने बोल्ट खिशात टाकला.


रवि. ६ मार्च

सोहारहून ईमेल. एनओसीची प्रत मार्च संपायच्या आत हवी, नाहीतर दुसऱ्या उमेदवाराला बोलावतील. शब्द सौम्य.

अ.ला दाखवला. म्हणाला, शुक्रवारी वारा कसा असेल?

गाडीत काकांना सांगितलं. त्यांनी आधी गोलचक्कर पार केलं. मग, "बंदूक बसली मा नीट?"

बसली. मला बसली.

"मगे ती त्येका बसव. तुझ्याशिवाय चालाक होयी."

दोन महिन्यांत कोणी बोललेलं सगळ्यात नेमकं वाक्य. मला ते आधी सुचायला हवं होतं. सुचलं असेलही. सुचू दिलं नसेल.


शनि. १२ मार्च

काकांबरोबर सहमला, अ.च्या बागेत. न बोलावता. टॉर्क रेंच, ओळंबा, स्पेसर, टेप पिशवीत.

अ. लिंबांच्या सावलीत बसला होता. भुवईवर गुलाबी रेघ राहिली आहे, राहणार.

म्हटलं, रायफल आणा. तुमचं माप घ्यायला आले आहे.

"मेरे को जल्दी नहीं."

मला आहे.

काका पंपाकडे बघत उभे राहिले, जणू त्यात पुन्हा काही बिघडलं आहे. अ. उठला. रायफल आणली, बोल्ट खिशात होताच.

चटईवर आडवं व्हायला लावलं. पोट मध्ये येतं म्हणून कुरकुर. "इंजिनियर, मैं ऊँट नहीं, ऐसे कैसे बैठेगा?" गुडघा बाहेर घ्यायला लावला. डोळे मिटा. गाल टेकवा. उघडा. काय दिसतं?

"काला."

बटप्लेट बाहेर, दोन स्पेसर. काय दिसतं?

"आधा काला."

चीकपीस खाली. स्कोप पुढे. खजुराच्या झाडाला ओळंबा टांगून रेघ पुन्हा सरळ केली. स्क्रू पुन्हा टॉर्कने. पुन्हा डोळे मिटा.

डोळे उघडले. तसाच पडून राहिला. मग हळूच, "सब दिखता है."

स्पिरिटचा बोळा घेऊन मी पेन्सिलीच्या खुणा पुसायला लागले. बटप्लेटची पुसली. चीकपीसची पुसली. शेवटची, स्कोपच्या रिंगेपाशी.

"वो रहने दो," अ. म्हणाला. "काम आएगा."

पुसली.

त्याने हात धुतले, लिंबं तोडली, काकांच्या हातात पिशवी दिली. मला काही दिलं नाही. परतीच्या वाटेवर काका म्हणाले, "राग आयलो त्येका." मग, "येव दे."


शुक्र. १८ मार्च

झिरो (स्कोपचा मध्य आणि गोळीची जागा जुळवणं) नव्याने केला, त्याच्याच हातून. मी फक्त दुर्बिणीतून बघून सांगत होते. दोन उजवीकडे. एक वर. श्वास सोडा, मग दाबा.

शेवटच्या पाच गोळ्या चहाच्या बशीएवढ्या जागेत. कागद घेऊन वॉर्डनकडे धावला, मग माझ्याकडे, मग फोनवर भावाकडे. इतका खूश मी त्याला पाहिला नव्हता. मीही खूश होते, हे खरं आहे.

वॉर्डनने विचारलं, तू?

आडवी झाले. हात ट्रिगरपर्यंत नीट पोचेना. गाल टेकवला, डोळे उघडले. मध्ये उजेडाचा तुकडा, भोवती काळं. गोळी न मारता उठले. बोल्ट काढून अ.च्या हातावर ठेवला.

आता एनओसी, म्हटलं.

कागदाकडे बघतच म्हणाला, इन्शाल्ला.


रवि. २० मार्च

सकाळी ऑफिसातून अ.ला ईमेल केला, इंग्रजीत. प्रत सोहारच्या लॅबला. त्यांना प्रत पाठवू नको असं काका म्हणाले होते, ‘राग आणखी वाढतलो.’ वाढेल. पण आता हे फक्त त्याच्या आणि माझ्यात नको. मजकूर इथे मराठीत:

‘माननीय महोदय,

जानेवारीत ठरलेलं काम पूर्ण झालं आहे. रायफल आणि स्कोप आपल्या मापाला जुळवले आहेत. झिरो आपला आहे. ती चालवायला माझी गरज नाही. काही महिने बाजूला ठेवली तरी झिरो हलणार नाही, स्क्रू कोणी सैल केले नाहीत तर.

आपण म्हणाला होतात, रायफल तयार झाली की एनओसी. रायफल तयार आहे.

मला एनओसी आणि माझा पासपोर्ट हवा आहे. देणार की नाही, ते कृपया गुरुवार, २४ मार्चपर्यंत लेखी कळवावे.’