पौषातली कानबाई आणि बल्गेरियाची भाऊबंदकी

पिंप्राळा, जळगाव

लीलाधर भाऊजींना थोरल्या वहिनीचा नमस्कार.

तुमची शुगर आणि बेबाबाईचे गुडघे बरे असतील असं धरून चालते (नसले तरी कानबाईच्या प्रसादाचे रोट खायच्या वेळी दोघं कसे ताठ बसता, ते दर श्रावणात पाहते). इकडे आपली आणि बल्गेरियाची मैत्री झाली. आधी भांडण कुठे होतं, ते कोणी सांगेना. मैत्री घट्ट करायला साहेब लोकांनी महोत्सव ठेवला. त्यांचा नाच, आपली कानबाई. कानबाई श्रावणातली, पण पाहुण्यांचा व्हिसा पौषातला, म्हणून देवीला पौषात बसवली.

गाणी म्हणायला आणि रोट करायला मला नेलं. स्टेजवर चढते तर मंडळाच्या रूपालीताईंनी दंड धरला. "अक्का, तुम्ही पडद्यामागून गा. कानबाई डोक्यावर घ्यायला सवाशीण लागते, फोटो परदेशात जातात." (फोटोत नवरा दिसतो वाटतं.) बसले मागे. मग त्यांच्या पथकाच्या पेन्काबाईला कुंकू लावलं, ओटी भरली, कानबाई तिच्या डोक्यावर दिली. बठ्ठ्या बाया, झाडून सगळ्या, टाळ्या पिटत होत्या. रूपालीताईंनी कौतुकाने दुभाष्याकरवी विचारलं, मिस्टर का नाही आले? ती म्हणाली, वारले. रूपालीताईंचं तोंड भरताच्या भाजल्या वांग्यासारखं झालं. कानबाई उतरवावी तर दोन देशांत बिघडतं. साहेब म्हणाले, "राहू द्या, तिकडचं चालतं." म्हणजे नवरा बल्गेरियात मेला तर बाई सवाशीण, शिरपुरात मेला तर अपशकुनी. मी म्हटलं, बाई, तू ते मन्हासारखीच शे, आणि गाणं वरच्या पट्टीत घेतलं.

नंतर ती मला शोधत पडद्यामागे आली. त्यांच्या रिवाजाने गोल पावाचा तुकडा मिठाला लावून माझ्या हातावर ठेवला. तिला रिकामी कशी धाडू? रोट दिला. (भाऊबंदांबाहेर देत नाहीत, मला शिकवू नका. तिने खाल्ला, म्हणजे ती भाऊबंद झाली. मैत्रीचं काय घेऊन बसलात, आता तिला बांधावरून भांडायचाही हक्क आहे.)

लेकरांना आशीर्वाद.

तुमची वहिनी,
तानुबाई

ता. क. तुमचे भाऊ गेल्यापासून मी कानबाईला दारात उभी राहून गाते. येत्या श्रावणात डोक्यावर घ्यायची आहे. आता घरातले मोठे तुम्ही. हो म्हणा.

आणखी एक. पेन्काबाई श्रावणात आपल्या घरी शिरपूरला येते आहे. घरच्यांच्या नावाने रोटाचे गहू काढताना तिचीही सव्वा मूठ धरा. दोघी आळीपाळीने कानबाई घेऊ, असं मी तिला सांगून बसले. नाही म्हणायचं असेल तर तुम्हीच तिला कळवा. दोन देशांचा मामला आहे, मी मधे पडत नाही.