लाल सायकलचा सांधा

अब्बा,

चार दिवस तुम्ही बोलत न्हाय, म्हणून लिहून ठेवतेय. डोंगर उतरायची सायकल आणायला मी कळंब्याला चाललेय. काय चिडायचं ते संध्याकाळी चिडा.

काल कागलात एक लाल सायकल बघून आले. जुनी, पण चकाचक, आणि माझ्या ट्यूशनच्या पैशात बसणारी. तुमच्या वेल्डिंगच्या शॉपात शिकले तसंच केलं. नव्या रंगाला भुलले न्हाय, सांध्यावरनं नख फिरवलं. हँडलच्या खाली नख अडलं. रंग खरवडला तर आत चिरेवर मारलेलं वेल्डिंग. माशाच्या खवल्यासारखं एकसारखं, शेवटाला जरासं डावीकडं वळलेलं. आपल्या गेटवर हाय, अगदी तसंच. तुमचा हात मी ओळखणार न्हाय व्हय?

चिरलेली फ्रेम जोडली तरी उतारावर तिथंच सुटती, हे तुम्हीच सांगितलेलं. म्हणून ती सोडली. आज कळंब्यासनं आणतेय ती पण कालच तपासून ठेवलीय; ओरखड्यांनी भरलीय, ब्रेकही बदलायला लागतील, पण फ्रेमला कुठं जोड न्हाय. आणि रविवारी जोतिबाच्या डोंगरावरनं मी उतरणारच.

पोरीनं असलं धाडस करू नये, मान मोडंल, म्हणता. मग ती फ्रेम जोडून दिली तेव्हा त्या गिऱ्हाइकाला मान न्हवती व्हय?

कागलवाल्याचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. ती सायकल दुसऱ्या कुणाच्या पोरीनं घ्यायच्या आत त्याला फोन करा.

आफशीन