उकंडाची लेक

मंगळवार, संध्याकाळ. पडेगाव

माझ्याआधीची दोन्ही लेकरं गेली, म्हणून आईनं मला उकिरड्यावर लोळवून उकंडा नाव ठेवलं. असल्या नावाकडं काळ बघत नाही म्हणे. शाळेत या नावापायी लई रडलो. लेकीचं नाव ओवीच ठेवणार होतो.

चार दिवस झाले, ती दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. आज आई म्हणाली, "तू वाचलास ना? तिलाबी तसंच नाव ठेव."

मी चिडलो. नावानं कुणी वाचतं व्हय?

मग नर्सनं जन्माच्या दाखल्याचा फॉर्म दिला. ओवी लिहायला हातच उठंना. एवढं गोड नाव काळानं वाचलं तर?

उकंडी लिहून आलोय. बायकोला सांगितलं नाही.

पोरी, मोठी हो आन् या नावापायी माझ्याशी भांड.