रमाबाईंच्या नावचा पेपर

१ जानेवारी १९६२, सोमवार

चार दिवसांचा शिळा पेपर दारात टाकायचा आणि वर दात काढून रामराम म्हणायचं, हा कुठला न्याय? पोस्टमन म्हणतो, पुण्याहून यायला एवढे दिवस लागणारच. लागू देत. पण मग छापता कशाला रे बाबांनो? कुणी मेलं तर चौथ्या दिवशी कळणार, कुणी निवडून आलं तर तोवर त्याचे हारसुद्धा वाळले असणार. मी सोडणार नाही, पोस्टात जाऊन बोलणार आहे.

बाकी घर झकास आहे. कानपूरच्या खुराड्यातून सुटलो. इथल्या बनीपार्क वस्तीत दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा, दारात कडुलिंब, नळाला सकाळ-संध्याकाळ पाणी. यांची विम्याच्या ऑफिसातून बदली झाली ती मला तरी मानवली. मटार इथे कानपूरपेक्षा गोड आहे.

पेपर आमचा नाही. आधीचे भाडेकरूही मराठीच होते, वऱ्हाडातले, बँकेतले. त्यांच्या बायकोच्या नावाने वर्षाची वर्गणी भरलेली आहे, ती मार्चमध्ये संपते. पट्टीवर सौ. रमाबाई म्हणून नाव असतं. हे म्हणाले, येतोय तर वाच. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. मोठी अक्षरं वाचते, बारकी माझ्याच्याने होत नाहीत. ही डायरी यांच्या ऑफिसातून मिळाली. रोज पाच ओळी लिही, अक्षर सुधारेल म्हणाले. पाचच्या वर गेल्या. असू दे.

४ जानेवारी

फडताळातला जुना कागद बदलायला काढला तर काय, सगळे तेच पुण्याचे पेपर, गेल्या वर्षीचे. आणि प्रत्येक ठळक बातमीशेजारी शिसपेनीने बाईच्या हातचं काहीबाही लिहिलेलं. अक्षर माझ्यासारखंच, मोठं आणि गिचमिड. रशियाचा माणूस आभाळात फिरून आला त्या बातमीपाशी लिहिलंय : वरून आमचं घर दिसलं का रे बाबू? पानशेत धरण फुटलं, तिथे लिहिलंय : सांगाले कोनी गेलं नाई का?

मी एकटीच हसले. एकदम पटणारी बाई. हिला भेटायला पाहिजे होतं. माळ्यावर अख्खा गठ्ठा सापडला. रद्दीत घालणार नाही.

आजच्या पेपरात गोवा. ते घेतलं ते बरंच झालं. साडेचारशे वर्षं लागली म्हणे. आमच्या पोस्टासारखंच.

८ जानेवारी

वीणाचं काही खरं नाही. अठरा पुरी झाली आणि बोलते काय, तर "आई, मी जाके येते, मतलब आत्ताच येते." जन्म जबलपूरचा, शाळा कानपूरची, तिचा तरी काय दोष, असं हे म्हणतात. दोष कुणाचाही असो, गेल्या वर्षी सोलापूरच्या स्थळाने तोंडावर सांगितलं की पोरगी भैयांची वाटते. आता अजमेरहून गजानन देशमुखांकडचे येणार आहेत, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. हे स्थळ मी हातचं जाऊ देणार नाही.

म्हणून आजपासून रोज दुपारी शिकवणी. पेपर यायचा, तिने मथळे मोठ्याने वाचायचे. तिला कंटाळा आला तेव्हा रमाबाईंचे शेरे वाचायला दिले. ते मात्र तिने आवडीने वाचले, हेल काढून. भाषा आमच्या बार्शीची नाही, वऱ्हाडची. पण मराठी तर आहे.

१५ जानेवारी

काल संक्रांत. इथे सगळे गच्चीवर पतंगाला. मी वाटीभर तिळगूळ केला आणि द्यायला एक बाई नाही. शेजारच्या माथुर बहनजींना दिला तर त्यांनी डब्यात ठेवून दिला, उद्या बघू म्हणाल्या.

वीणाने गेल्या संक्रांतीचा पेपर काढला. शेरा होता : तिळगूळ केला. देऊ कोनाले?

मी रडणारी बाई नव्हे. पण जिवाला लागलं. पाटावर तो पेपर ठेवला, हळदीकुंकू वाहिलं, तिळगूळ ठेवला आणि सांगितलं, रमाबाई, या हो आमच्याकडे, आम्हालाही कुणी नाही. वीणाला म्हटलं, नमस्कार कर. तिने केला. हे हसले.

सकाळी तिळगूळ नव्हता. मुंग्यांनी नेला असेल.

२३ जानेवारी

चमत्कारच म्हणायचा. वीणा घडाघडा बोलायला लागली. मतलब नाही, भैया नाही. मध्येच "काऊन व माय" म्हणते, "मले नको" म्हणते. हे म्हणाले, ही आपली भाषा नव्हे. मी म्हटलं, तुम्ही आयुष्यभर टूरवर, पोरीला तुम्ही काय शिकवलंत? देशमुख येईपर्यंत बार्शीच्या बोलीवर आणीन.

पेपरात अष्टग्रही, आठ ग्रह एका राशीत. जग बुडणार म्हणे चार-पाच फेब्रुवारीला. बुडालं तर आम्हाला नऊ तारखेला कळेल.

२९ जानेवारी

आजच्या नव्या पेपरावर शिसपेन.

अष्टग्रहीच्या मथळ्यापाशी लिहिलंय : बुडू दे. तेच अक्षर. वीणाला विचारलं, ही थट्टा कुणी केली? तिने नाही म्हटलं. मी दोन ठेवून दिल्या. रडली नाही. नुसती बघत राहिली माझ्याकडे, जशी मीच कुणी पाहुणी आहे.

नंतर मला वाईट वाटलं. शेंगदाण्याची चिक्की केली तिच्यासाठी. खाल्ली नाही.

१ फेब्रुवारी

आज पोस्टमनला ओट्यावर थांबवून घेतलं. त्याच्यासमोर पट्टी बघितली. डिंकाने चिकटलेली, कुठे फाटलेली नाही. माझ्या हाताने फोडली. आत निवडणुकीच्या सभांचा मथळा होता आणि शेजारी शिसपेनीने :

पोरगी वाचते चांगली. राहू द्या.

पोस्टमनला दाखवलं. तो म्हणाला, छपाई की स्याही होगी, बाईसा. छपाई अशी असते होय? बोट लावलं तर काळं झालं.

वीणाला सांगितलं, आजपासून वाचायचं नाही. म्हणाली, "काऊन?"

८ फेब्रुवारी

जग काही बुडालं नाही. होम-हवनाच्या बातम्या आल्या आज. शेजारी शेरा : आमचं बुडालं तवा कोनी छापलं नाई.

मग मात्र मला राहवलं नाही. माथुर बहनजींना गाठून खोदून विचारलं, त्या रमाबाई कुठे असतात आता. त्यांनी कानाला हात लावला. म्हणाल्या, तुम्हाला सांगितलं नाही का मकानमालिकाने? गेल्या ऑगस्टात याच घरात गेली. नवरा बँकेच्या कामाने बाहेरगावी. हिला हिंदी अवाक्षर येत नसे. दोन वर्षं कुणाशी बोलली नाही, दिवसभर खिडकीत बसून पेपर मोठमोठ्याने वाचायची. पडली की काय झालं देव जाणे. नवरा परत आला तेव्हा दारात चार पेपर पडलेले, पट्ट्या न फोडलेले.

मी विचारलं, चार दिवस कुणाला कळलं नाही? हाकासुद्धा मारल्या नाहीत तिने?

बहनजी म्हणाल्या, मारल्या असतील. आवाज तर येत होता दोन दिवस. आम्हाला वाटलं, पेपर वाचतेय.

९ फेब्रुवारी

गठ्ठा बंबात घातला. सगळा. फडताळातला पण. वीणा दारात उभी राहून बघत होती. प्रत्येक कागद पेटला की हात चोळायची, भाजल्यासारखे.

यांना सांगितलं. म्हणाले, तू फार एकटी पडतेस. अजमेरचं काम होऊ दे, मग चार दिवस बार्शीला जाऊन ये. मग मीच पोस्टात गेले. बाबू म्हणाला, पत्ता हाच आहे, टपाल टाकणं आमचं काम, घेऊ नका. बरं म्हटलं, घेत नाही.

१० फेब्रुवारी

घेतला नाही. पोस्टमन परत घेऊन गेला, मी बघितलं. दुपारी वीणाच्या मांडीवर होता.

१४ फेब्रुवारी

आज खरं भ्याले.

माथुर बहनजींची सून वीणाला चौकटीवरून हाक मारून विचारत होती, बाजार चलोगी? वीणा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय म्हनून राहिली ते? मले समजत नाई."

हिंदी. अठरा वर्षं हिंदीत वाढलेली पोर. शाळेत हिंदीचं बक्षीस मिळालं होतं तिला, तुळशीदासाची चौपाई म्हणून. मी स्वतः तिच्याशी हिंदीत बोलले, माझी कसली ती मोडकी हिंदी. म्हटलं, वीणा बेटी, पानी लाओ. तिने डोळे मिटून घेतले, आणि गाल थरथरले. आत कुठेतरी समजतंय तिला. ती आत आहे. आतून बाहेर येता येत नाही तिला.

हे म्हणतात, मुद्दाम करते, लग्न नको असेल.

१८ फेब्रुवारी, रविवार

अजमेरची माणसं येऊन गेली. मी वीणाला आठ वेळा पढवलं होतं. साडी नेसवली, पोहे तिच्या हातून दिले. देशमुखांच्या वहिनींना आवडली. म्हणाल्या, बोलणं गोड आहे हो, अमरावतीकडच्या का तुम्ही? मी म्हटलं, नाही, बार्शीचे. मग त्यांनी तिला नाव विचारलं.

तिने सांगितलं, "रमा."

हे हसले, घरातलं नाव आहे म्हणाले. मी हसले नाही. पोह्यांचं ताट उचललं आणि आत गेले.

२१ फेब्रुवारी

डॉक्टर. अशक्तपणा, टॉनिक. डॉक्टर तिच्याशी हिंदीत बोलत होता आणि ती माझा हात धरून बसली होती, लहानपणी धरायची तसा. तेवढ्यापुरती वीणा होती. मी काही बोलले असते तर गेली असती म्हणून बोलले नाही.

हे उद्यापासून टूरवर. बिकानेर, दहा दिवस. जाऊ नका म्हणून पाया पडले. ऑफिस ऐकत नाही म्हणाले.

२४ फेब्रुवारी

पेपर यायच्या आधीच म्हणाली, "त्यालेबी नाई दिसलं."

पट्टी फोडली. अमेरिकेचा माणूस आभाळात फिरून आला. शेजारी, शिसपेन, तेच—

तिला म्हटलं, काय दिसलं नाही गं? म्हणाली, घर.

जेवत नाही. खिडकीत.

२५ फेब्रुवारी

सकाळपासून खिडकीत बसून ओरडतेय. माय व, कोनी या व, पानी द्या व. मी शेजारी उभी आहे, तांब्या हातात आहे, तोंडाला लावते आहे, तिला मी दिसत नाही. पाणी ओघळून जातं.

समोर माथुर बहनजी कपडे वाळत घालत होत्या. मी ओरडले, बहनजी आओ, जल्दी आओ. त्यांनी हात हलवला. हसल्या. सुनेला काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं—

पेपर पढ़ रही हैं माँ-बेटी.

त्यांच्या दारात गेले. सगळं सांगितलं. माझं बोलणं त्यांना कळेना. मी हिंदीतच बोलत होते. हिंदीतच बोलत होते ना मी?

२६ फेब्रुवारी, सोमवार

तार केली बिकानेरला. उत्तर नाही.

आवाज बसलाय तिचा. ओठ हलतात. हाकांचा आज दुसरा दिवस. रमाबाईंच्या हाका दोनच दिवस येत होत्या. तिसऱ्या दिवशी—

नाही.

शनिवारी आलेला पेपर समोर घेतलाय. शिसपेन घेतली. समासात लिहिते आहे, तेच इथे उतरवते, म्हणजे कुणी वाचेल.

रमाबाई. बोलावलं मी. तिळगूळ मी दिला, हळदीकुंकू मी लावलं. चूक माझी. मुलगी दिली नव्हती. तुमच्या हाका कुणी ऐकल्या नाहीत, मी ऐकते. सगळ्या ऐकते. मोठ्याने सांगेन गल्लीभर. पण तिच्या तोंडाने नको. माझं तोंड घ्या. मला नाहीतरी इथे कुणाशी बोलायचं नाही. माझी मराठी चालेल तुम्हाला, मी शिकेन तुमची, तिच्यापेक्षा लवकर शिकेन—

शेराबिरा नको. हो का नाही, एवढंच लिहा. तुमचं टपाल चार दिवस घेतं, मला माहीत आहे. पण ती चार दिवस नाही राहणार. उद्याच्या पेपरात उत्तर पाहिजे. उद्या, मंगळवारी. पट्टी मीच फोडणार. मंगळवार म्हणजे मंगळवार, बुधवार चालणार नाही मले—