मागाखालची जमीन

सोम., ३ फेब्रुवारी
बाधित कुटुंबांची पाहणी संपली, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी. गाझियाबादच्या टोकाला जोडरस्त्यासाठी जी जमीन सरकार घेणार आहे, तिथलं प्रत्येक दार मी वाजवलं. आता १८ला जनसुनावणी, मग आमचा अहवाल, तो तज्ज्ञांच्या समितीकडे, मग अधिसूचना, हरकती, मोबदला. सगळ्याचा पाया आमचे तक्ते, म्हणून सगळे स्वतः तपासले. एकही रकाना रिकामा नाही. सर खूश. मीही.

मंगळ., ४
रकाने भरलेत, प्रश्नच चुकला. दारोदार विचारलं, "ज़मीन किसकी है?" चौधरींच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये युसुफ सतरंजी विणत होता. म्हणाला, "चौधरी साहब की।" मी चौधरी लिहून पुढे. त्याच्या बायकोने, सलमाने, केलेला चहासुद्धा प्यायले. माग समोर धडधडत होता.
कायदा स्वच्छ आहे. जमीन नसली तरी तीन वर्षं तिथे काम करून पोट भरणारं कुटुंब बाधितच. नव्या पोरांना हे मीच शिकवते!
अविनाश म्हणाला, "मग दुरुस्त कर ना यार. नवऱ्याला काय सांगतेस?"
बरोबर आहे.

बुध., ५
गेले. युसुफ मूळ पानिपतचा. इथे येऊन चार वर्षं झाली म्हणतो. पुरावा? भाडेकरार नाही, वीज मालकाच्या नावावर. सलमा हसली, "काग़ज़ होते तो हम यहाँ होते, मैडम?"
नवा तक्ता भरला, दोघांची नावं घालून. पुराव्याचं बघू. निघेल काहीतरी.

शुक्र., ७
सकाळी चौधरींचा फोन. "मैडम, आपने तो घर बैठे झगड़ा लगा दिया। साल-डेढ़ साल के किराएदार हैं। आज हैं, कल नहीं।"
दुपारी सलमाचा. सुनावणीच्या आत माग बाहेर काढा, असं चौधरींनी त्यांना सांगितलंय.
म्हणजे मी चूक सुधारली आणि घर त्यांचं उठणार. नाव घालण्याआधी त्यांना विचारायला हवं होतं. माझी दुरुस्ती, माझं समाधान, धोका त्यांचा. आज फोनवर सलमाला विचारलं, "नाव काढू का?"
"अब पूछ रही हो?" मग, "रहने दो। इतने साल बैठे हैं, कोई तो लिखे।"

मंगळ., १८
शाळेचं पटांगण, शंभरेक खुर्च्या, नियमाप्रमाणे कॅमेरा चालू. माग अजून शेडमध्येच. युसुफने हलवला नाही, चौधरींनीही हात लावला नाही.
माइकवर सलमा. "सड़क हमारे करघे के ऊपर से जाएगी। हमारा भी कुछ लिखो।"
चौधरी ताडकन उठले. "एहसान-फ़रामोश! चार साल से सिर पर छत दे रखी है, कभी किराया बढ़ाया?"
मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.
मी विचारलं, "चार साल, चौधरीजी? लिख लूँ?"
"लिख लो! मैं झूठ बोलता हूँ क्या?"
लिहिलं. शेवटी इतिवृत्तावर सह्या घेताना ते वाक्य त्यांना दोनदा वाचून दाखवलं. न कळता सही झाली असं नको. म्हणाले, "आप भी ना मैडम, बड़ी वो हो।" आणि सही केली. कधी नव्हे ते मला ते आवडले.

गुरु., २७
अहवाल दिला. बाधितांच्या यादीत दोघांची नावं, पुरावा म्हणून चौधरींचं विधान. सर म्हणाले, "पक्का काम।" होतंच.
अर्थात ही शिफारस. अंतिम यादी दुसरेच लोक करणार.

रवि., २ मार्च
युसुफचा फोन. इथल्याच जवळच्या लोणीला मित्राकडे पक्क्या छताची जागा मिळतेय, वीजही जात नाही. "चले जाएँ? नाम तो नहीं कटेगा?"
कायद्यातली बाधिताची व्याख्या तीनदा वाचली. तीन वर्षं मोजायची ती संपादनाच्या आधीची. संपादन कधी? कोणाला माहीत नाही. सहा महिने, दोन वर्षं. मधे गेला तर चौधरींचं विधान उभं राहील का? बहुतेक हो. "बहुतेक"वर कोणाचं घर हलवू?
सरांना विचारलं. "रुकने को बोलो, सेफ रहेगा।" कोणासाठी सेफ? शेड पावसात गळते, हे माझ्याच तक्त्यात आहे.
मागून सलमा म्हणत होती, "मैडम जो कहेंगी वही करेंगे।" हेच नको होतं.
मंगळवारी त्याला मित्राला उत्तर द्यायचंय. उद्या फोन करून खरं तेच सांगणार, मला माहीत नाही. मग सलमा विचारेल, आप होतीं तो क्या करतीं?
मी असते तर गेले असते. हे सांगायचं का?