कुर्डू फुलेपर्यंत

११ नोव्हेंबर, अल् घुब्रा
वसईहून आखातात परत. रुमालातली पुरचुंडी शाबूत. मृतात्म्यांच्या दिवशी आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावली, तेव्हा शेजारीच कुर्डू वाळून उभा होता. त्याचंच बी. काळं, चकचकीत, मोहरीहून बारीक.
जे. म्हणाला, "अगं, जानेवारीत तुझ्या या नवऱ्याचा व्हिसा संपतोय आणि तू शेती काढतेस?"
संपतोय म्हणूनच. एकवीस वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचा तोच ओसाड प्लॉट बघतेय. फुटक्या टाइल्स, रंगाचे डबे. जाण्याआधी तिथे एकदा गुलाबी तुरे बघायचेत.

१३ नोव्हें.
चिखलात बी कालवून लाडू वळले. पहाटेच्या अजाननंतर भिंतीवरून फेकले. अर्धे टाइल्सवर. शाळेत नेटबॉलच्या टीममधून सिस्टरने काढलं होतं ते उगाच नाही.

२४ नोव्हें.
उगवलं!! एसीचं पाणी ठिबकतं तिथे सगळ्यात दाट. रोज तांदळाचं धुवण नेते. जे. बाटली भरून ठेवतो, वर हसतो.

१६ डिसें.
सगळे शेंडे गायब. नखाने खुडल्यासारखे. इथे बकरीही नाही. जेवले नाही.

१८ डिसें.
चोर सापडला. आमच्या बिल्डिंगचा एसी मेकॅनिक सावंत, कुडाळचा. हातात पिशवी.
"मॅडम, ह्यो कुर्डू मां! बारा वर्सां भाजी तोंडाक लागली नाय."
"फुलांसाठी लावलाय मी!"
"फुलांसाठी? कुर्डू?" हसायलाच लागला.
बी थडग्याजवळचं, हे ओठांवर आलं होतं. पण मग त्याने पुन्हा घास घेतला नसता. पिशवी त्याच्याकडेच राहू दिली.

१९ डिसें.
दारात सावंतचा डबा. कांदा, ओलं खोबरं. झाकण काढलं आणि एकदम सातवीतला वर्ग, माझ्या डब्यात आईने दिलेली हीच भाजी. "शी, ग्रास!" म्हणाल्या होत्या मुली. घरी येऊन आईला सांगितलं, उद्यापासून ब्रेड-जॅम. का, ते तिने विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ब्रेड-जॅम. भाजी पुन्हा कधी...
सगळी खाल्ली. जे.ला चमचाभर.

२० जाने.
खुडल्याने झाडं घेरदार झालीत, पण तुरा नाही. तिकीट २८चं. सावंत ओशाळलाय. "आता नाय खुडूचंय मॅडम, तुमची फुलां येंवदेत." रोज सकाळी माझ्याआधी पाणी घालून जातो.

२८ जाने.
बॅगा खाली गेल्या. धावत मागे जाऊन आले. कडेच्या झाडाच्या टोकाला काहीतरी गुलाबीसर. तुरा की कोवळं पान, कळेना. चष्मा पर्समध्ये, पर्स टॅक्सीत.
सावंतच्या हातात धुवणाची बाटली दिली. म्हटलं, "खुडा, पण दोन-चार झाडं फुलू द्या."
"होय तर. बी खयचा हो ह्या?"
"आईकडचं."
"मगे आवशीक सांगा, भाजी बरी झाली."
सांगते म्हटलं.